राष्ट्राध्यक्षांच्या सहीसाठी

"डावा हात कागदाला, उजवा हात हाताला," असं म्हणत भाऊसाहेब स्वयंपाकघराच्या मधोमध टाचा जुळवून उभे राहायचे. "आल्झो, सुरू करा, हेर डॉक्टर."

हेर म्हणजे तिथले श्रीयुत. डॉक्टर मात्र मी तेव्हा नव्हतो. बॉनच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा प्रबंध लिहिण्याच्या खटपटीत होतो. तेही भाऊसाहेब नव्हते. ते माझे घरमालक. एका केंद्रीय मंत्रालयातले बरेच वरचे अधिकारी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे ऱ्हाईनकाठचे जर्मन. पण सांगलीला आमच्या शेजारी एक मामलेदार राहायचे, त्यांच्या मिशा उतरवल्या असत्या तर ते हुबेहूब असेच दिसले असते. म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं बारसं करून टाकलं होतं. ते मला आगाऊ डॉक्टर म्हणत, मी त्यांना न सांगता भाऊसाहेब म्हणत असे. हिशेब सरळ होता.

दर रविवारी कॉफीच्या आधी मी पश्चिम जर्मनीचा राष्ट्राध्यक्ष होत असे. केक कापायचा लाकडी पाट म्हणजे नेमणुकीचा कागद. तो मी गंभीर चेहऱ्याने पुढे करायचा, भाऊसाहेबांनी डाव्या हाताने घ्यायचा आणि उजव्या हाताने माझा हात हलवायचा. पाट जड होता. पहिल्या रविवारी तो राष्ट्राध्यक्षांच्या पायावर पडला.

"खरा कागद इतका जड नसतो," भाऊसाहेब म्हणाले, "पण सवय जडाचीच करावी."

हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. त्या देशात वरच्या अधिकाऱ्यांची नावं मंत्री सुचवतात, पण नेमणूक राष्ट्राध्यक्षांच्या सहीने होते. एक नवं केंद्रीय कार्यालय निघणार होतं, त्याला प्रमुख हवा होता आणि भाऊसाहेबांचं नाव सुचवलं गेलं होतं. त्या प्रमुखाचा हुद्दाही अध्यक्षच. म्हणजे राष्ट्राध्यक्ष एका अध्यक्षाला नेमणार. आता असा कागद बहुतेकांना मंत्रीच आपल्या खोलीत बोलावून देतात, पण भाऊसाहेबांचा जीव एवढ्याने शांत होत नसे. न जाणो, एखाद वेळी राष्ट्राध्यक्षांना वाटलंच की या माणसाला स्वतः भेटावं! मग ऐन वेळी कोणता हात पुढे करायचा?

त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंना, तर नव्या हुद्द्याची त्यांच्यापेक्षा घाई होती. तिथे नवऱ्याला बढती मिळाली की बायकोचंही नाव लांबतं. खाटकाच्या दुकानात सध्या त्यांना 'फ्राऊ डायरेक्टर', म्हणजे डायरेक्टरीणबाई, म्हणत. समोरच्या घरातली बाई नवऱ्याच्या जोरावर 'फ्राऊ प्रोफेसर' होती आणि तिला मांस आधी मिळे. 'फ्राऊ प्रेसिडेंट' झाल्यावर काय होईल याचं चित्र बाईंनी मनात इतकं रंगवलं होतं, की त्या कधीकधी वळण्याआधी एक क्षण थांबत. जणू कोणीतरी पूर्ण नावाने हाक मारेल.

आखनला माझा एक मित्र होता, दिघे. यंत्रशास्त्र शिकायचा आणि शनिवारी माझ्याकडे आमटीभात खायला यायचा. एकदा तो रविवारपर्यंत राहिला, त्याने तालीम पाहिली आणि बाहेर आल्यावर जिन्यातच बसला.

"अरे, हे तर आपल्या कलेक्टर कचेरीतलंच चाललंय की! नाव वर गेलंय, वरून येईपर्यंत इथे नवस."

"इथे नवस नसतात."

"मग तो पाट काय आहे?"



भाऊसाहेबांची शिस्त तुम्ही पाहायला हवी होती. बॉनमध्ये एक तर पाऊस पडत असतो, नाहीतर रेल्वेचं फाटक बंद असतं, असं तिथले लोकच म्हणतात. फाटक पडलं की विद्यार्थी सायकली तिरक्या करून खालून निसटत. प्राध्यापकही इकडेतिकडे बघून वाकत. भाऊसाहेब छत्री घेऊन ताठ उभे. एकदा गाडी जाऊन बराच वेळ झाला तरी फाटक वर जाईना. बहुधा बिघडलं होतं. सगळे वाकून गेले. मी म्हटलं, "आता गाडी येणार नाही, चला."

"गाडीचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "फाटक बंद आहे."

अशा माणसाला अध्यक्ष करायला हरकत कसली, तुम्हीच सांगा.

मुलाखत जवळ आली तसा तालमीत प्रश्नोत्तरांचा भाग वाढला. राष्ट्राध्यक्ष स्वतः काही विचारत नाहीत, पण सहीसाठी नाव पाठवण्याआधी तिघे वरिष्ठ गृहस्थ उमेदवाराशी बोलणार होते. त्या तिघांचं काम माझ्याकडे आलं. मी अंदाजपत्रकाबद्दल विचारलं. कर्मचाऱ्यांबद्दल विचारलं. नव्या इमारतीला किती जिने असावेत तेही विचारून झालं. भाऊसाहेब दर उत्तराआधी "आल्झो" म्हणून घसा साफ करत आणि मुद्देसूद बोलत. शेवटी माझे प्रश्न संपले आणि माझ्यातली सांगली जागी झाली. आपण अनोळखी माणसाला पहिल्यांदा जे विचारतो तेच मी शेवटी विचारलं.

"तुम्ही मूळचे कुठले? मंत्रालयाच्या आधी कुठे होता?"

"एका लहान शहरात. कर खात्यात."

"काय काम असायचं?"

"युद्धाच्या काळात? लिलाव."

"कशाचे?"

"घरगुती सामानाचे."

"कोणाच्या?"

बाईंनी किटली जरा जोरात टेकवली. "कॉफी निवतेय."

भाऊसाहेबांनी माझ्या हातून पाट घेतला, पण उजवा हात पुढे करायचा विसरले.

मुलाखतीच्या दिवशी त्यांनी काळा सूट घातला. बाईंनी खांद्यांवरून ब्रश फिरवला आणि दारात उभ्या राहून ते कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहत राहिल्या. दुपारी भाऊसाहेब परत आले, सूट उतरवून ठेवला आणि न सांगता बटाटे सोलायला बसले. त्या घरात त्यांनी बटाट्याला हात लावलेला मी तोवर पाहिला नव्हता.

"कशी झाली?" बाईंनी विचारलं.

"चांगली. खुर्च्या आरामशीर होत्या."

संध्याकाळी ते मला ऱ्हाईनवर फिरायला घेऊन गेले. कोळशाने भरलेला एक पडाव प्रवाहाविरुद्ध धापा टाकत चालला होता.

"शेवटचा प्रश्न रिवाजाचा होता," ते म्हणाले. "इतक्या वरच्या जागेसाठी आमच्या वयाच्या सगळ्यांनाच विचारतात. त्या वर्षांत आपल्या खात्यात जे चाललं होतं त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक होता का? याला उत्तर 'नाही' असं असतं. विचारणाऱ्या गृहस्थांनी पेनाला टोपणही लावलं होतं."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणालो, होता."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"ते बिचारे मदत करायला धावले. म्हणाले, म्हणजे अफवा कानावर आल्या असतील. मी म्हणालो, अफवा कसल्या? ज्यू कुटुंबांना सकाळी घरातून नेत. मग आम्ही त्यांचं सामान विकायला काढत असू. पलंग, पाळणे, शिलाईची यंत्रं. परत येणाऱ्या माणसाचा पलंग कोणी विकत नाही, हेर डॉक्टर. एवढं कळायला पदवी लागत नाही, आणि मला तर पदवी होती."

"तुम्ही तेव्हा काही केलं नाही?"

"केलं ना. हातोडा मारला. प्रत्येक वस्तूला तीनदा."

त्यांच्या आवाजात ना पश्चात्तापाचा गहिवर होता, ना अभिमान. अंदाजपत्रकाबद्दल बोलताना असायचा तोच आवाज. मला त्यांचा राग यावा की कौतुक वाटावं हे कळेना, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं कळलेलं नाही. इतकी वर्षं हा माणूस गप्प होता, बढत्या घेत होता, केक खात होता. मग आताच का?

ते मी विचारलं.

"कोणी विचारलंच नव्हतं. त्या रविवारी तुम्ही विचारलंत आणि माझं उत्तर अर्ध्यावर राहिलं. पुढे कार्यालयात, जेवताना, ते अर्धं उत्तर घशात अडकलेलं. आज कोणीतरी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा ते बाहेर आलं. यात मोठेपणा काही नाही. खोकला येतो तसं आलं."

घराजवळ आल्यावर माझ्या मनात भलतीच शंका आली. मी ज्या पलंगावर झोपत होतो तो कुठला? विचारू नये असं वाटत असतानाच विचारून बसलो.

"तो माझ्या सासूबाईंचा," ते म्हणाले. मग किल्ली कुलपात घालून थांबले. "बैठकीतलं कपाट मात्र लिलावातलं आहे. कोणी बोली लावेना, म्हणून मीच घेतलं."

त्या कपाटात बाईंची चिनी मातीची सगळी भांडी होती.

पुढचे कितीतरी दिवस बाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. निरोप माझ्यामार्फत जात. एकदा मात्र माझ्यासमोरच त्यांचा बांध फुटला. "एक शब्द! नाइन. नाही. दोन वर्षांचं पोर दिवसातून शंभरदा म्हणतं तो शब्द. तुमच्या तोंडून निघाला नाही!" भाऊसाहेबांनी मान डोलावली. त्यांनाही तसंच वाटत असावं.

पद दुसऱ्याला मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला. राष्ट्राध्यक्षांनी खरोखरच त्या गृहस्थांना बोलावलं होतं. कागद डाव्या हातात, उजवा हात हातात. चोख.

"ओळखीचे आहेत?" मी विचारलं.

"कर खात्यात माझ्या शेजारीच बसायचा. लिलावात पुकारा तोच करायचा. आवाज फार चांगला होता त्याचा."

"आणि त्यांना काही ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं, असं तो म्हणाला."

दिघ्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे हातोडा मारणाऱ्याला ठाऊक होतं आणि पुकारा करणाऱ्याला नव्हतं?"

"गेनाऊ," मी म्हणालो. अगदी बरोबर म्हणायला मला तोवर तोच शब्द आधी सुचायला लागला होता.

"आणि आपल्याकडे असतं तर?"

"आपल्याकडे काय झालं असतं?"

"आपल्याकडे हा प्रश्नच विचारला नसता," तो म्हणाला आणि भात कालवायला लागला.

भाऊसाहेब काळा सूट घालून त्या गृहस्थांचं अभिनंदन करायला गेले. ती रीत होती. मंत्रालयात त्यांची खोली मात्र बदलली. लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला, सरकारी इमारतींच्या छपरांची देखभाल करणाऱ्या विभागात त्यांना बसवलं. कोणी काही बोललं नाही, कोणी अपमान केला नाही. फक्त जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशी खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या.

"पूर्वी वरून कागद येण्याची वाट पाहायचो," ते मला म्हणाले. "आता वरून पाणी येतं. ते तरी वेळेवर येतं."

प्रबंध पुरा झाला आणि मी गार्चिंगच्या संशोधन केंद्रात गेलो. बॉनला जाणं क्वचित होई. एका भेटीत बैठकीच्या भिंतीवर फिकट चौकोन दिसला. कपाट नव्हतं.

"इथल्या ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, सिनेगॉगमध्ये विचारायला गेलो होतो," भाऊसाहेब म्हणाले. "परत घ्या म्हटलं. तिथल्या वृद्ध गृहस्थांनी नीट ऐकून घेतलं, कॉफी दिली. म्हणाले, ज्यांचं होतं ते असते तर दिलं असतं त्यांना. आम्ही काय करू त्याचं?"

"मग?"

"तळघरात आहे. आता आमच्या घरातलं काही विकायचं नाही असं हिने ठरवलंय."

बाई कॉफी ओतत होत्या. कप साधे होते, स्वयंपाकघरातले. त्यांनी वर पाहिलं नाही, पण नवऱ्याच्या कपात साखर घालून ती ढवळून दिली. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं.

साठचं दशक सरत आलं होतं तेव्हा बाईंचा फोन आला. भाऊसाहेब झोपेतच गेले होते. मी मिळेल त्या गाडीने बॉनला पोचलो. दफनभूमीत माणसं थोडीच होती. समोरची फ्राऊ प्रोफेसर होती, छपरांच्या विभागातला एक शिपाई होता आणि ते चांगल्या आवाजाचे गृहस्थही आले होते. हॅट छातीशी धरून मागे उभे होते.

मंत्रालयाकडून मोठं पुष्पचक्र आलं होतं. त्याच्या रेशमी फितीवर सोनेरी अक्षरांत भाऊसाहेबांचं नाव होतं आणि नावाआधी हुद्दा होता: अध्यक्ष. कोणा कारकुनाची गफलत होती, की कोणाला उशिरा सुचलेलं औदार्य, कोण जाणे. मागचे गृहस्थ ते वाचून खोकले. इतरांनी नजरा फुलांवर वळवल्या. मेलेल्या माणसाला मिळालेली बढती कोण नाकारणार?

बाई वाकल्या. त्यांनी फीत दोन्ही हातांत धरून वाचली, मग पुन्हा वाचली. तिथे झुडपं छाटणारा माळी उभा होता. त्याच्याकडे त्यांनी कात्री मागितली.

कात्री मोठी होती, त्यांच्या हातात मावेना. मी पुढे झालो, पण त्यांनी मान हलवली. सावकाश, कडा सरळ ठेवत, त्यांनी हुद्दा कापून काढला आणि कोटाच्या खिशात टाकला. उरलेली फीत फुलांवर नीट पसरली.

तिच्यावर आता नुसतं नाव होतं.