पेन्सिलीने लिहिलेलं नाव

वर्ध्याजवळच्या आमच्या देवळीपासून समुद्र किती लांब आहे, हे मी शाळेत असताना भिंतीवरच्या नकाशावर दोऱ्याने मोजलं होतं. हातातला दोरा पुरला नव्हता. तरीही आमच्या प्रार्थनेच्या वहीत समुद्रासाठी एक पान राखून ठेवलेलं होतं.

वही माझ्या बाबांची. बाबा मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते, शिक्षण चौथीपर्यंत. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, त्यामुळे पाळकसाहेब वर्ध्याहून महिन्यातून एकदाच येत. बाकीच्या रविवारी उपासना बाबा चालवत आणि शेवटी वहीतली नावं वाचत. वहीच्या पानांवर त्यांनी मथळे घातले होते: आजारी, परीक्षेला बसलेले, प्रवासात असलेले, समुद्रावर असलेले, आणि सगळ्यात मागे, प्रभूत निजलेले, म्हणजे वारलेले. समुद्राचं पान कोरंच होतं. आमच्याकडे कोण जहाजावर जाणार? पण जुने मिशनरी जहाजातून आले होते आणि त्यांच्या माणसांसाठी ती मथळ्याची ओळ वाचली जायची. ते गेले, ओळ राहिली. बाबा ती दर रविवारी वाचत आणि मंडळी निमूटपणे "प्रभू, ऐक" म्हणत.

नावांच्या बाबतीत बाबांचे दोन नियम होते. जिवंत माणसाचं नाव पेन्सिलीने लिहायचं, कारण आजारी बरा होतो, गेलेला परत येतो, तेव्हा खोडता आलं पाहिजे. निजलेल्यांचं तेवढं शाईने. दुसरा नियम, नाव वाचलं की थांबायचं.

"किती थांबायचं?" मी विचारलं होतं.

"माणूस दारातून आत येऊन बसते, तितकं."

पुढे बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि वही माझ्याकडे आली. तोवर मी बी.ए. झाले होते, आमच्या घरातली पहिली. त्याचं श्रेय बाबांचं, आणि तितकंच शेजारच्या मावशीचं. आमचं घर एका खोलीचं, आईची खोकल्याची उबळ दिवसभर चाले. मावशीच्या घराला ओसरी होती. ते शेतकरी कुटुंब, देव वेगळे, सण वेगळे, पण मावशीने माझ्यासाठी ओसरीत चटई टाकली ती तीन वर्षं उचलली नाही. येता-जाता कोणी काही बोललं तर ती म्हणे, "पोरगी अभ्यास करून राह्यली. तुमचं तोंड तिकडं न्या."

तिचा मुलगा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. शेवटच्या वर्षाच्या एका पेपरच्या दिवशी एस.टी. बंद होती. त्याने मला मोटारसायकलवर वर्ध्याला नेलं आणि कॉलेजबाहेर लिंबाखाली तीन तास बसून राहिला. बाहेर आले तर म्हणाला, "झाली का पास?"

"निकाल जूनमध्ये लागते."

"मंग मी जूनपर्यंत इथंच थांबू का?"

तोच पुढे जहाजावर गेला. बारावीनंतर नागपूरला कुठलंसं ट्रेनिंग केलं आणि खलाशी म्हणून त्याला काम मिळालं. तो निघण्याच्या आधीच्या आठवड्यात मावशी आमच्याकडे आली. आई तेव्हा होती. मावशी तिला म्हणाली, "तुमच्या गिरजाघरात तो पाण्यावर चालणाऱ्याचा फोटो हाये ना? त्याले सांगजो माझ्या पोराचं."

आई हसली. "काऊन, तुमचा मारुती नाई का? त्यानं तर समुद्र ओलांडला."

"ओलांडला, पण उडून गेलता. पाण्यातलं त्याले काय समजते, माय?"

मग मी समुद्राच्या पानावर पेन्सिलीने त्याचं नाव लिहिलं. इतक्या वर्षांनंतर त्या ओळीला माणूस मिळाला. मावशी त्या रविवारपासून येऊ लागली. चपला बाहेर काढून दाराजवळच्या मागच्या बाकावर बसायची, त्याचं नाव वाचून झालं की उठून जायची. तो फोनवरून आवाज पाठवायचा, "माय, ऐक, हा समुद्र." ती तो मला ऐकवायची. "तुरीच्या वावरात वारा येते तसाच तर हाये," म्हणायची आणि तिला बरं वाटायचं. तो पहिल्या खेपेहून परत आला, मी नाव खोडलं. दुसऱ्यांदा गेला, पुन्हा लिहिलं. दरम्यान आई गेली. तिचं नाव मी शेवटच्या पानावर शाईने लिहिलं.

तिसऱ्या खेपेला एका सकाळी जहाजावरच्या हजेरीत तो नव्हता. आधी फोन आला, नंतर इंग्रजीतलं पत्र. आमच्या गल्लीत इंग्रजी वाचणारी मी एकटीच. दुपारची वेळ होती. मावशी त्याच ओसरीत तुरीच्या डाळीतले खडे निवडत बसली होती, काकाजी, म्हणजे तिचे यजमान, खांबाला टेकून उभे होते. दोघंही पत्राकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होते. मी आधी मनात वाचलं. मग सांगितलं की तो बेपत्ता आहे, जहाज मागे वळवून दोन दिवस शोधलं, दुसरी जहाजंही बोलावली. खाली आणखी एक ओळ होती. शोध थांबवला असून त्याला मृत समजण्यात येत आहे. त्या ओळीपाशी मी पत्राची घडी घातली.

"म्हंजे सापडला नाई," मावशी म्हणाली.

"नाई सापडला."

"मंग असंन कुठं तरी." आणि तिने परत डाळीत हात घातला.

मी ठरवून खोटं बोलले नाही, असं बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते. पण उरलेलं उद्या सांगू म्हटलं आणि तो उद्या दोन वर्षं आला नाही. मावशी रविवारी येत राहिली. मी पेन्सिलीचं नाव पुसट झालं की गिरवत राहिले. नाव वाचायचं आणि बाबांच्या नियमाप्रमाणे थांबायचं. थांबलं की माझी नजर दाराकडे जायची. आमचं दार नीट लागत नाही, वाऱ्याने थोडं हलतं. बाहेर मुरमाच्या वाटेवर पाऊल वाजल्यासारखं व्हायचं. कधी कुत्रं असायचं, कधी कोणीच नसायचं.

यंदा फेब्रुवारीत एका शनिवारी दुपारी मी देऊळ झाडत होते. आम्ही आमच्या प्रार्थनाघराला देऊळच म्हणतो. काकाजी दारात येऊन उभे राहिले. ते याआधी कधी इथे आले नव्हते.

"त्या कागदात खाली अजून एक ओळ होती," ते म्हणाले.

माझ्या हातातला झाडू थांबला.

"वर्ध्याले एका वकिलाकडून वाचून घेतला. मागच्याच वर्षी."

"मंग मावशीले सांगितलं नाई?"

"तू शिकलेली, तुले नाई जमलं. मी काय सांगू?" ते उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "पोट्टा सपनात येते. दारात उभा राह्यते, ओलाचिंब. ये म्हटलं तर आत येत नाई. जा म्हटलं तर जात नाई. नुसता पाहून राह्यते."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते आणि मला त्यांच्या मागे दाराबाहेर बघवेना.

"पवनारले जाऊन दर्भाचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म करून टाकतो म्हणलं. तर ती म्हणते, तिकडं दर रविवारी त्याचं नाव जित्या माणसात वाचून राह्यले, तुम्ही कायले मारता त्याले? पोरी, वाचणं बंद कर. तुम्ही त्याले धरून ठेवलं."

ते गेल्यावर मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं, पत्राच्या ओळीसकट. बाबांना आता माणसं सावलीसारखी दिसतात. ते म्हणाले, "खोडाले काय लागते, रबर लागते. पण राहिलेली ओळ आधी वाच. मंग वही उघड."

मी तशीच मावशीकडे गेले. तिला म्हटलं, तो कागद आण. तिने रेशनकार्डाच्या डब्यातून काढून दिला. या वेळी मी वाक्यावाक्याला थांबून मराठीत सांगितलं आणि शेवटची ओळही वाचली. मावशीने मला ती पुन्हा वाचायला लावली. मी वाचली.

"हे तवाच होतं लिहून?"

"हाव."

"मंग इतके रविवार तू कोणासाठी वाचून राह्यली होती?"

जिथे बसून मी तीन वर्षं शिकले, त्याच ओसरीत मी मान खाली घालून उभी होते.

मग तिने विचारलं, "ते मेलेल्यायचं पान हाये ना तुमचं, त्याच्यावर कोण कोण हाये?"

"माझी आई हाये."

"तिच्याखाली लिहिजो. तिच्या हातचं खात होता तो." मग तिने कागद डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज मी तुले चहा करत नाई. जा."

तो आपल्या मंडळीतला नाही, हे मला रात्रभर टोचत राहिलं. सकाळी बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "वहीत धर्माचा रकाना मी ठेवला होता का?" मी समुद्राच्या पानावरचं नाव खोडलं. इतक्या वेळा गिरवलेलं होतं की शिसं गेलं तरी कागदावर खाच राहिली, बोट फिरवलं की लागते. मग आईच्या नावाखाली शाईने लिहिलं.

त्या रविवारी मावशी आली. समुद्राची ओळ झाल्यावर उठली नाही. शेवटचं पान येईपर्यंत बसून राहिली आणि नाव वाचलं तेव्हा पदर तोंडाशी धरला. बुधवारी काकाजी आणि ती पवनारला गेले, नदीवर सगळं झालं. काकाजींना अजून स्वप्न पडतं का, हे मी विचारलेलं नाही. मावशीने मला पुन्हा चहा दिला तो उन्हाळा उलटून गेल्यावर, एक अक्षर न बोलता.

समुद्राचं पान आता पहिल्यासारखं कोरं आहे. ती ओळ मी वाचतेच, आणि वाचून झाल्यावर थांबते. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, तिथे नाव नसताना तुम्ही का थांबता? मी म्हटलं, श्वास घेते. मावशी मागच्या बाकावर असते. तेवढा वेळ तीही मान वळवून दाराकडे बघत असते.