पूर्णविरामाचे पैसे घेत नाही

वॉरंटी म्हणजे काय हे मला नीट कळलं, त्याच दिवशी आमची वॉरंटी गेली.

आमच्या तेलगावात तेव्हा मोबाईलवर येणारा फोन नुकताच फुकट झाला होता. माणसं शेजारच्या दारात हाक मारायची सोडून मिस कॉल द्यायला लागली होती. त्याच साली माझ्या नातीला, गौरीला, औरंगाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. शाखा कॉम्प्युटरची, म्हणजे लॅपटॉप हवाच. माझा मुलगा शिवानंद किराणा दुकान चालवतो. दोन वर्षं त्यानं जुनी मोटारसायकल ढकलत सुरू केली, नवी घेतली नाही, आणि तो साठलेला पैसा लॅपटॉपला घालायचं ठरवलं. बीडला जायला निघतानाच त्यानं पोरीला सांगून टाकलं, "गौरे, ह्यो एकच. ह्यो गेला तर चार वर्षं वही आन् पेन."

मीही बरोबर गेले. मला त्यातलं कळतं असं नाही. पण घरात मोठी वस्तू यायची असली की दुकानदाराला कुणीतरी घाबरायला पाहिजे, आणि शिवानंदला कुणी घाबरत नाही.

दुकानात एक टायवाला होता. (बीडच्या उन्हात टाय. तिथंच मला त्याच्या अकलेचा अंदाज आला.) त्यानं लॅपटॉप दाखवला. उघडबंद करायचा, चपटा, पानाच्या डब्यासारखा. पसंत पडला, पैसे दिले. मग टायवाला माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, एक वर्षाची वॉरंटी कंपनीची आहे. आणखी दोन वर्षांची वाढवून घ्या. सहा हजार फक्त."

मॅडम म्हणजे कोण ते बघायला मी मागे वळले. मागे कुणी नव्हतं.

"ह्या दोन वर्षांत त्यो बिघडतोय का?" मी विचारलं.

"छे, मॅडम. एक नंबर माल आहे."

"मग सहा हजार कशाचे?"

"बिघडला तर."

"म्हंजी बिघडतोय."

"नाही, मॅडम. बिघडणारच नाही."

"मग सहा हजार कशाचे?"

असं आमचं तीनदा झालं. शिवानंद माझा पदर ओढायला लागला. मी म्हटलं, थांब. उद्या एखादा म्हणेल, पोरगी देतो, एक वर्ष नीट नांदेल, पुढच्या दोन वर्षांचे वेगळे द्या. अशा घरची पोरगी कुणी करेल का? आणि आधी हे बाटलीत पाणी विकायला आले, मग पुड्यांत हवा भरून चार बटाट्याचे काप विकायला आले. आता न बिघडण्याचेही पैसे.

"बरं," मी म्हटलं, "चोरीला गेला तर?"

"त्यात येत नाही."

"पडला तर?"

"नाही येत."

"च्या सांडला? उंदरानं वायर खाल्ली? वीज पडली?"

"नाही, मॅडम."

"मग येतंय तरी काय?"

"आपोआप बिघडला तर."

"आपोआप," मी म्हटलं, "फकस्त माणूस बिघडतोय."

टायवाल्यानं छापील कागद शिवानंदच्या हातात दिला. म्हणाला, घाई नाही, आठ दिवसांत मशीन घेऊन या, नंबर बघून शिक्का मारून देतो. तेव्हापासून आमच्या घरात आठ दिवस दुसरा विषय नव्हता.

शिवानंदचं म्हणणं, घेऊन टाकू. सुनेचं, म्हणजे सुनंदाचं, म्हणणं तेच. "आत्याबाई, पोरगी परगावी चाललीय. बिघडला तर तिनं कुणाकडं जावं?"

"आपल्या घरात कशाला हाय वॉरंटी?" मी म्हटलं. "पितळी घागर चाळीस वर्षं पाणी भरायलीय. नवरा मी बिनवॉरंटीचा केला. पस्तीस वर्षं चालला. शेवटची दोन वर्षं कुरकुरला, पण चालला."

यावर सुनंदा भाकरी थापायला निघून गेली. ती उत्तर देत नाही, भाकरी जोरात थापते.

मग शेजारची कलावती आली. कलावतीनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तिच्या घरी येणारा प्रत्येक कागद ती माझ्याकडे घेऊन येते आणि मी वाचीन तेच खरं धरते. (मी चौथी पास आहे. आमच्या गल्लीत बायांत ते वकिलीसारखं चालतं.) तिच्या फ्रीजच्या वॉरंटीचा कागदही मीच वाचला होता.

"आगं, माजा फ्रीज बंद पडला तवा माणूस आला," कलावती म्हणाली. "म्हणला, मशीनला वॉरंटी हाय, दाराला न्हाई. आन् बिघडलंय दार."

"फ्रीजचं दार निराळं असतंय का?"

"तेच म्या इचारलं. म्हणला, कागदात निराळं हाय."

मी शिवानंदकडे बघितलं. शिवानंदनं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

गौरी मात्र वॉरंटीवर बोलत नव्हती. तिचं भलतंच चाललं होतं. "आजी, हॉस्टेलात चोऱ्या लई होतात म्हणं. एका पोरीचा मोबाईल उशीखालून नेला."

आता सांगा, चोरी हे खरं भय. आणि नेमकी चोरीच त्या कागदात नाही. हे मी घरात सगळ्यांना दोनदोनदा समजावलं. कुणी ऐकलं नाही. सातव्या दिवशी सकाळी शिवानंद म्हणाला, "माय, उद्या शेवटचा दिवस. मी जाऊन शिक्का मारून आणतो. इषय संपला."

विषय संपला म्हणे. हे घर मी उभं केलं, आणि विषय तो संपवणार.

मी ठरवलं, यांना वॉरंटी घेऊ दे, चोरीचं मी बघते. आमच्या घरात चोरीवर एकच औषध आहे, आणि ते पिढ्यान् पिढ्या लागू पडलेलं आहे. भांड्यावर नाव घालायचं. लग्नाकार्यात शंभर घरची भांडी एका मांडवात येतात, पण आमची वाटीसुद्धा फिरून घरी येते ती नावामुळं. नाव नसलेलं भांडं ज्याच्या हाती लागेल त्याचं. लॅपटॉपवर कुठंही नाव नव्हतं. होतं ते कंपनीचं, म्हणजे गावभर सारखंच.

दुपारी शिवानंद दुकानात, सुनंदा बचत गटाच्या बैठकीला, गौरी झोपलेली. मी लॅपटॉप कापडी पिशवीत घातला, वर कोथिंबीर ठेवली आणि नामदेव कासाराच्या भांड्यांच्या दुकानात गेले. तेलगावातल्या भांड्यांवरची निम्मी नावं नामदेवच्या हातची आहेत. त्याच्याकडं विजेवर चालणारी सुईची मशीन आहे. ती टर्रर्र करत लिहिते आणि अक्षराला एक रुपया घेते.

नामदेवनं लॅपटॉप उलटसुलट केला. "काकू, कशाचा डबा हाय ह्यो?"

"शिक्षणाचा."

"पोळ्या बसतेत का?"

"तू नाव घाल. माज्या गौरीचं. ती शिकायला चाललीय, आन् हॉस्टेलात—"

"टर्रर्र," मशीन सुरू झाली.

"म्या काय म्हणते, नुसतं नाव आन् गाव—"

"काकू, तुमी बसा निवांत," नामदेव मशीनवर ओरडला. "नाव कळलं. फुडचं मला पाठ हाय!"

मी बसले. चष्मा घरी राहिला होता, पण नामदेवचं अक्षर मला माहीत आहे. त्याचा हात मात्र स्टीलला बसलेला. स्टीलवर जोर लावावा लागतो. लॅपटॉप निघाला लोण्यासारखा. सुई झाकणावरून भराभर चालली. नामदेव खूश, म्हणाला, असं मऊ भांडं आजवर बघितलं नाही. शेवटच्या अक्षराला आतून बारीक "टक्" असा आवाज आला. मशीन थांबली. नामदेवनं झाकणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फुंकर मारून भुगा उडवला.

"काय झालं रे?"

"कुटं काय? पूर्णविराम दिला," नामदेव म्हणाला. "त्याचे पैसे न्हाई घेत."

हिशोबात चांगला माणूस. मी खूश होऊन घरी आले.

संध्याकाळी गौरीनं लॅपटॉप उघडला. चालू झाला. पडद्यावर रोजचं निळं चित्र आलं आणि त्याच्या बरोबर मध्ये एक काळी मुंगी बसलेली दिसली. गौरीनं बोटानं झटकली. हलली नाही. मुंगीच्या पायातून एक काळी रेघ पार खालपर्यंत गेली होती. गौरीनं लॅपटॉप मिटला आणि मग झाकण वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्यानं.

"चि. सौ. कां. गौरी हिस शुभविवाहप्रीत्यर्थ आजीकडून सप्रेम भेट."

आणि शेवटी पूर्णविराम. आरपार.

मग गौरीनं विचारलं, "पप्पा, माझं लग्न ठरवलंय का?"

सुनंदा पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. (भाकरी थापल्याचा आवाज आला नाही. नुसता हसण्याचा आला.) शिवानंदनं ते पुन्हा वाचलं. त्याला चीड आली की तो हळू बोलतो. "माय," तो अगदी हळू म्हणाला, "कावून?"

"चोरी होऊ नाय म्हणून."

"आन् शुभविवाह?"

"ते नामदेवला पाठ होतं."

पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला रागवायला जागा मिळाली असती. ती नुसती वही आणि पेन काढून दप्तरात ठेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी, मी स्वतः त्यांच्याबरोबर बीडला गेले. शिवानंद नको म्हणत होता. पण त्या टायवाल्याशी त्याला बोलता आलं नसतं, आणि चूक झाली असली तरी कागद कागद असतो. टायवाल्यानं लॅपटॉप हातात घेतला आणि झाकण वाचलं. चेहरा सरळ ठेवायला त्याला फार कष्ट पडले. टाय सैल करावा लागला.

"मॅडम, ही वाढवायची सोडा, पहिल्या वर्षाचीही वॉरंटी गेली."

"कावून?"

"तुम्ही यावर… नाव घातलंय."

"नाव घालू नाय असं कुटं लिव्हलंय, दाखवा. चोरी लिव्हलीय, च्या लिव्हलाय, उंदीर लिव्हलाय. नाव कुटं हाय?"

त्यानं कागद काढला. मी काउंटरपाशी त्याच्याबरोबर एकेक ओळ बोट ठेवून वाचली. दुकानातली इतर गिऱ्हाइकं जवळ सरकली. सगळा कागद संपला. नाव नव्हतं. मी शिवानंदकडे बघितलं. आठ दिवसांत पहिल्यांदा तो माझ्याकडे आशेनं बघत होता.

"बगा," मी टायवाल्याला म्हटलं, "कल्हईवाला कदी म्हणतोय का, की भांड्यावर नाव हाय, मी कल्हई करत न्हाई?"

टायवाला विचारात पडला. मग त्यानं लॅपटॉप उजेडाकडे धरला. पूर्णविरामातून दुकानातली ट्यूबलाईट दिसत होती.

"आजी," तो म्हणाला (मॅडम संपलं होतं), "नाव घालू नये असं लिहिलेलं नाही, हे खरं. पण भोक पाडू नये असं लिहिलंय. ही ओळ, बाहेरून झालेली इजा."

ती ओळ मी वाचली. चौथीच्या शिक्षणालाही ती कळत होती.

नवा पडदा बसवायचा तर मुंबईहून मागवायचा, महिनाभर थांबायचं, आणि खर्च निम्म्या लॅपटॉपाएवढा. माझ्या हातातली एक पाटली मी तिथंच काढायला लागले. गौरीनं माझा हात धरला. "राहू दे, आजी. मुंगीच्या डाव्या बाजूला बरीच जागा हाय." आणि लॅपटॉप बगलेत मारून ती निघाली.

त्या मुंगीच्या डाव्या बाजूला बसून पोरगी चार वर्षांत इंजिनियर झाली. झाकणावर तिनं फुलाचा स्टिकर लावला होता. तो पहिल्याच सहामाहीत निघाला, आणि तेव्हापासून सगळं हॉस्टेल तिला "लग्न कधी?" म्हणून विचारायचं. पण लॅपटॉप चोरीला गेला नाही. चोरानं तो विकला असता कुणाला? हे मी एकदा जेवताना बोलून दाखवलं. शिवानंदनं आमटी वाढून घेतली आणि सुनंदानं भाकरी जोरात थापली.

मध्ये काही वर्षं गेली. कलावतीच्या नातवाला लॅपटॉप घ्यायचा होता. "तुला त्यातलं कळतंय," म्हणत ती मला बीडला घेऊन गेली, आणि नेमकी त्याच दुकानात शिरली. टायवाला आता मालक झाला होता, पोट सुटलं होतं, टाय गेला होता. त्यानं मला ओळखलं की नाही कळलं नाही. पण काउंटरच्या मागे, देवाच्या तसबिरीशेजारी, चौकटीत बसवलेली एक पाटी होती. जे कंपनीच्या कागदात नव्हतं, ते त्यानं स्वतःच्या भिंतीवर छापून लावलं होतं: "लॅपटॉपवर भांड्याप्रमाणे नाव कोरून घेऊ नये. वॉरंटी रद्द होईल."

कलावतीनं मला कोपरानं ढोसलं. "काय लिव्हलंय गं तितं, एवढं सजवून?"

मी चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला, आणि पाटीकडे बोट करून एकेक अक्षर वाचून दाखवलं.

"उधारी बंद."