कांडीवरची काळी लव

मातीच्या थरांत चांदी बसवायची, हे माझं संशोधन. ही माती पाण्यात फुगते, तिचे थर सुटतात आणि त्या फटींत चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार करायचे. जागाच अरुंद, त्यामुळे कण लहान राहतात. लहान राहिले तर रंग पिवळा, एकमेकांना चिकटून वाढले तर काळपट. काळपट झालं की सगळी मेहनत पाण्यात.

माझी माती ओली असेपर्यंत पिवळी असायची आणि वाळली की काळवंडायची. भट्टीत तापवली तर कण चिकटतील, म्हणून मी ती उघड्या बशीत प्रयोगशाळेच्या खिडकीशी वाळवायची. किती वेळा बेसिनमध्ये ओतून दिली, ते आठवायचंही जिवावर येतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं होतं, आता काळी झाली तर विषय बदला. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तेवढा जीव माझ्यात उरला नव्हता.

घरी, चौबे कॉलनीत, बाबा रोज सकाळी ओल्या फडक्यानं खिडकीवरची काळी भुकटी पुसायचे. त्यांची सगळी नोकरी शहराबाहेरच्या सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात झाली. निवृत्त झाले ते खोकला घेऊनच. पुसता पुसता विचारायचे, "काहून काळी पडून राहिली वं तुही चांदी?"

मला राग यायचा. मलाच ठाऊक असतं तर!

त्या दिवशी वाळलेली माती तपासणीसाठी पाण्यात मिसळायचं नेहमीचं यंत्र बंद पडलं. नाइलाजानं चुंबकाची कांडी टाकून ढवळलं. थोड्या वेळानं कांडी काढली, तर तिच्यावर काळी लव उभी. आणि भांड्यातलं पाणी पिवळं, लख्ख पिवळं.

चांदी चुंबकाला चिकटत नाही, लोखंड चिकटतं. बाबा घरी रोज पुसत होते तीच कारखान्यांची भुकटी मी इथे बशीत गोळा करत होते. चांगली चांगली चांदी स्वतःच्या हातानं फेकली, म्हणून स्टुलावर बसून रडले. आनंद झालाच नाही.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, "चांदी चांगलीच होती बाबा. वरून लोखंड पडून राहिलं होतं."

ते हसले. हसता हसता खोकल्याची उबळ आली, ती बसायला वेळ लागला. मग फडकं घडी करत म्हणाले, "आमच्याच कारखान्याचं असन. मले माफ कर, पोट्टी."

माझा विषय वाचला होता, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.