राजपत्रात नसलेला उपविधी

चौतीस वर्षांच्या नोकरीत बनावट कागद पुष्कळ पाहिले, पण एका पाटीवालीच्या कापडी पिशवीतून निघालेला कागद मी विसरलेलो नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिक शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. सुरगाण्याकडची एक बाई तक्रार घेऊन आली. बारा वर्षे ती एका हार्डवेअर दुकानासमोरच्या फुटपाथवर नागली, तांदूळ आणि रानभाज्या विकत होती. सफारी घातलेल्या माणसाने तिचा तराजू नेला होता आणि सोमवारपर्यंत जागा सोडली नाही तर मालही जप्त करू, असे बजावले होते. ठाणे अंमलदार तिला महापालिकेत पाठवायला निघाला होता. विनापरवाना बसत असेल म्हणून मलाही आधी तिचाच संशय आला.

"साहेब, जागा गेली की गेली," ती म्हणाली. "दुसऱ्या दिशी तिथं दुसरं कुनी बसतं. मंग माल आनून मी कुठं जाऊ?"

तिने नोटिशीची झेरॉक्स पुढे केली. वर छापले होते, 'उपविधी क्र. १४'. आणखी पाच विक्रेत्यांना अशाच नोटिसा आल्या होत्या. त्यांनी भीतीने फाडल्या होत्या. हिने जपली, कारण सरकारी कागद फेकला तर गुन्हा लागेल, असे तिला वाटत होते.

उपविधी म्हणजे काय, हे मलाही नीट सांगता आले नसते. विभागातल्या स्वच्छता निरीक्षकाला बोलावले. माझा दुसरा संशय त्याच्यावर होता. तो शांतपणे म्हणाला, जप्ती केली तर आम्ही पावती देतो. मग त्याने समजावले. विधानमंडळ करते तो अधिनियम. त्याच्या चौकटीत शहरापुरता महापालिका करते तो उपविधी, ज्याला लोक बायलॉ म्हणतात. आधी मसुदा जाहीर करून हरकती मागवतात, मग महासभा, मग शासनाची मंजुरी. राजपत्रात प्रसिद्ध होईपर्यंत तो कोणालाही लागू होत नाही. क्रमांक १४ अजून मसुदाच होता.

दरम्यान, समोरच्या चहावाल्याने बीट हवालदाराच्या कानात सांगितले की सफारीवाला तराजू घेऊन त्याच हार्डवेअर दुकानाच्या मागच्या दाराने आत गेला. आम्ही पंचांसमक्ष गोदाम तपासले. चार तराजू, दोन पाट्या. सफारीवाला दुकानाचाच मुनीम निघाला. दहा मिनिटांत त्याने मालकाचे नाव सांगितले.

मालक मात्र डगमगला नाही. "कायदा मी केलेला नाही, साहेब. महापालिकेच्या बोर्डावर लागलाय. तुम्ही वाचला नाही, त्यात माझा काय दोष?"

कधीपासून लागू, असे विचारले. तो म्हणाला, बोर्डावर लागला त्या दिवसापासून. तेव्हा मी बाईचा कागद त्याच्यासमोर ठेवला आणि खालची ओळ वाचायला सांगितली. बोर्डावरच्या मसुद्याची झेरॉक्स काढताना तिथे पट्टी ठेवून मजकूर झाकला होता, पण या प्रतीत ती सरकली होती. अर्धी ओळ उरली होती: '...हरकती लेखी स्वरूपात सादर कराव्यात.'

त्याने कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाला, "हरकत घेणार कोण होतं? यांना वाचता तरी येतं का?"

लोकसेवक असल्याची बतावणी आणि बनावट दस्तऐवज, असा गुन्हा दाखल झाला. पण मला कबुली त्या एका वाक्यातच मिळाली होती. मसुदा कायदा म्हणून खपवायला त्याने एक अक्षरही खोटे लिहिले नव्हते. फक्त लोकांना बोलायचा हक्क देणारी ओळ झाकली होती. तेव्हापासून कोणी नियम दाखवला की मी आधी कागदाची खालची कड पाहतो.

हरकतीची मुदत अजून नऊ दिवस होती. मी बाईला ते सांगितले. हवालदाराने अर्ज लिहून दिला, तिने अंगठा उठवला. चौथ्या दिवशी ती महापालिकेचा आवक शिक्का मारलेली अर्जाची प्रत घेऊन ठाण्यात आली आणि तिने विचारले, "साहेब, ह्यो तरी खरा हाय ना?"

मी शिक्का दोनदा पाहिला, आवक क्रमांक वाचला आणि मगच हो म्हणालो. तिने कागदाची घडी घातली आणि पिशवीत, पहिला कागद होता त्याच जागी ठेवली.