निकालात शेवटची, पटात पहिली

हेडबाईंना नवरासुद्धा हेडबाईच म्हणायचा. "मुख्याध्यापिका म्हणेपर्यंत चहा निवतो," म्हणे. त्यांची सरकारी शाळा उताराच्या तळाशी, गॅरेजच्या भिंतीला लागून. चढावर दुसरी सरकारी शाळा. दरवर्षी निकालात ती पहिली, हेडबाईंची शेवटची.

यातली मेख सगळ्यांना ठाऊक होती. शेवटच्या परीक्षेआधी वरची शाळा कच्च्या मुलांच्या आईबापांना बोलावून, गोड बोलून दाखला हातात द्यायची. ती मुलं उतार उतरून खाली यायची आणि हेडबाई त्यांना वर्गात बसवायच्या.

धाकट्या जावेनं मुलगी मुद्दाम वरच्या शाळेत घातली होती. "मुलीच्या आयुष्याशी खेळ नको," असं चारचौघांत म्हणालीही होती. हेडबाईंना ते लागलं होतं. त्या हिवाळ्यात तीच जाऊ दारात येऊन उभी राहिली.

"ताई, गणितात कच्ची आहे म्हणे. दाखला दिला."

"आत तर ये. उद्या पाठव तिला. तू मात्र सोबत येऊ नकोस, पोरीला मेल्याहून मेल्यासारखं होईल."

परीक्षा जवळ आली तसं शिक्षण खात्याच्या साहेबांनी हेडबाईंना कचेरीत बोलावलं. "बाई, असल्या मुलांना बसवू नका. आजारी दाखवा. यंदा निकाल पडला, तर तुमची शाळा बंद होऊन मुलं वरच्या शाळेत जातील."

"साहेब, आजारी मी पडेन. मुलं बसतील."

सगळी बसली. निकाल पडला. पुतणी गणितात नापास झाली.

मग मुख्याध्यापकांच्या सभेत साहेबांनी क्रमवारी वाचली. वरच्या शाळेच्या सरांसाठी टाळ्या झाल्या. टाळ्या थांबायच्या आतच हेडबाई उठून उभ्या राहिल्या.

"आता पटही वाचा, साहेब. वर्षाच्या सुरुवातीला वर्गात मुलं किती आणि परीक्षेला बसली किती. दोन्ही शाळांचं वाचा."

वरचे सर म्हणाले, "पालकांनी स्वखुशीनं दाखले नेले."

"माझ्या पुतणीनंही नेला. मग घरी जेवण टाकून रडत बसली, तेही स्वखुशीनंच असणार."

"बाई, घरचं इथं आणू नका," साहेब म्हणाले.

"मी कुठं आणलं? तुमच्या टक्केवारीनंच तिला माझ्या दारात आणून सोडलं."

साहेबांनी नाइलाजानं पट वाचला. वरच्या शाळेत जवळजवळ अर्धा वर्ग परीक्षेआधीच गळाला होता. खालच्या शाळेचा वर्ग फुगला होता. एवढी मुलं कोंबायला वरच्या शाळेत जागाच नव्हती. शाळा बंद करायचा विषय त्या दिवशी मागे पडला.

हेडबाईंना शाबासकी नाही, 'कारणे दाखवा' नोटीस आली. त्यांनी कारणं दाखवली, पानंच्या पानं. वार्षिक पगारवाढ रोखली गेली. नवरा म्हणाला, "जिभेला हाड नाही, त्याची किंमत." पण म्हणताना त्याचा ऊर भरून आला होता, हे लपलं नाही.

पुतणी फेरपरीक्षेत काठावर पास झाली. हेडबाई तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "काठ तर काठ. वर आलीस ना?"

पुढच्या वर्षीही त्यांची शाळा शेवटचीच आली. हेडबाईंनी तो निकाल स्वतःच्या हातानं फाटकावर चिकटवला, आणि प्रवेशासाठी थांबलेल्या आईबापांना म्हणाल्या, "नीट वाचा आणि मग आत या. इथून कुणाला काढत नाहीत."