चंद्रामागे जाणारी मावशी

दुपारी एक वाजला, की मावशी फोन बंद करायच्या. त्याआधी आम्हाला कळवायच्या, "मी चंद्रामागे जातेय गं. थोड्या वेळाने भेटू." ऐकणाऱ्याला वाटावं, बाईंचं काही खरं नाही. आम्हाला मात्र कळायचं, की चौथ्या मजल्यावर पोरं झोपलीत आणि मावशींच्या हातात एकदाचा गरम चहा आलाय.

टोकियोशेजारच्या ग्योतोकुत तेव्हा दर महिन्याला पुण्या-मुंबईचं एखादं नवं कुटुंब बॅगा ओढत यायचं. मावशी साताऱ्याच्या. तिथे कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. नवऱ्याला इथलं काम मिळालं म्हणून नोकरी सोडून आल्या. आम्ही धाकट्या जणी मोडकंतोडकं जपानी शिकून कामाला लागलो आणि पाळणाघरात जागा मिळेना म्हणून पोरं खुशाल त्यांच्या गळ्यात घातली. पोरं मावशी म्हणायची, म्हणून आम्हीही. संध्याकाळी स्टेशनवरून येताना मान वर केली, की कडेवर कुणाचं तरी पोर घेऊन मावशी बाल्कनीतून हात हलवताना दिसायच्या. दिवसभराचा शीण तिथेच निम्मा व्हायचा.

चंद्रावर पहिल्यांदा माणसं उतरली तेव्हा तिघांपैकी एक जण वर यानातच थांबला होता. मावशींचा सगळा जीव त्याच्यावर. नाव घ्यायच्या नाहीत, नुसतं 'आमचा तिसरा'. "खालचे दोघं उड्या मारतायत, फोटो त्यांचे. हा एकटा वर घिरट्या घालतोय. चंद्रामागे गेला, की पृथ्वीशी बोलणंही बंद! पण हा नसता तर ते दोघं घरी कसे आले असते, सांगा बरं?" हे सगळं वरणभात भरवताना. चमचा ताटलीभोवती दोन घिरट्या घालून मगच तोंडात उतरायचा. माझी सई घास गिळून जपानीत ओरडायची, "मो इक्काई!" मग पुन्हा एकदा घिरट्या.

एवढ्या चंद्राच्या अभ्यासक, पण एकदा चंद्रानेच त्यांची फजिती केली. स्टेशनजवळच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, चंद्र आणि सशाची चित्रं लागली, तांदळाचे पांढरे गोळे विकायला आले. मावशींनी जाहीर करून टाकलं, "अगं, इथेही कोजागिरी असते!" मसाला दूध आटवून आम्ही सगळे खालच्या बागेत जमलो. तेवढ्यात माझ्या सासूबाईंचा फोन आला. "कोजागिरी? अगं, उद्यापासून पितृपक्ष बसतोय!" जपान्यांचा चंद्र बघायचा सण आपल्या कोजागिरीच्या महिनाभर आधी येतो, हे कुणाला ठाऊक? मावशी हसून हसून गवतावर बसल्या. "असू दे, पितरांनाही दूध आवडत असेल." मग वर बघत हळूच म्हणाल्या, "त्याला कधी वाटलं नसेल का गं, आपणही उतरावं?" मी त्यांच्या पेल्यात आणखी थोडं दूध ओतलं.

पुढच्याच वर्षी नदीपलीकडे भारतीय मुलांची एक शाळा सुरू झाली. फिजिक्सला शिक्षक हवे होते. अर्ज आम्हीच करायला लावला. मुलाखतीच्या दिवशी मी ऑफिसातल्या साहेबांना, तानाका-सानना, सांगून रजा काढली आणि पोरं सांभाळायला सईला घेऊन वर गेले. नेमका सईला रात्रीपासून ताप. मावशी साडी नेसून तयार, पण पर्स ठेवून सईच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसलेल्या.

"त्यांना कळवते, आज जमत नाही म्हणून. तापल्या पोरीला टाकून कुठे जाऊ?"

मला रागच आला. "मावशी, तिची आई आहे ना इथे! तुम्ही उतरा. आज वर मी थांबते."

त्यांनी पर्स उचलली आणि मागे न बघता जिना उतरल्या.

त्यांचा फोन दिवसभर बंद. चार पोरं, त्यातलं एक तापलेलं, आणि मी. कधी एकदा मावशींचा आवाज ऐकू येतो असं झालं. शेवटी मेसेज आला, एकाच शब्दाचा: "उतरले."

मी ओट्याशी उभी राहून चक्क रडले.

आता मावशी साताऱ्याला परत गेल्यात. त्यांची आठवण आली, की मला ती संध्याकाळ दिसते. सई माझ्या कडेवर, ताप उतरलेला. "मावशी दोको?" मावशी कुठे, असं तिने विचारलं. मी तिला बाल्कनीत नेलं. स्टेशनकडून मावशी येत होत्या, हातात मिठाईचा पुडा, साडीचा पदर खोचलेला. इमारतीपाशी आल्यावर त्यांनी मान वर केली. या वेळी हात आम्ही हलवला.