मामंजींचा हिरवा

मामंजींना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांच्या वाचेसोबत कारखान्याचा हिरवा रंगही गेला.

कारखाना तीन पिढ्यांचा. आजेसासऱ्यांनी दाराच्या मुठींपासून सुरुवात केली. मामंजींनी त्याच भट्टीतून ब्राँझचे पक्षी काढले आणि नाव कमावलं. ओतकाम त्यांचा मुलगा करायचा, घासकाम दोन जुने कारागीर. पण तापलेल्या धातूवर कसलंसं तेजाबाचं पाणी फिरवून डोहासारखा हिरवा चढवायचे ते मामंजीच, रंगाच्या खोलीला आतून कडी लावून. मुलानं विचारलं की म्हणायचे, "वेळ आली की सांगीन." वेळ आली तेव्हा त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता, "हो."

अशातच एक गिऱ्हाईक मामंजींनीच तीस वर्षांपूर्वी घडवलेला बगळा घेऊन आलं. "याला जोडीदार करून द्या. रंग मात्र हाच हवा."

सहा महिन्यांतलं ते पहिलं काम. मुलानं बगळा ओतला. रंग सुनेच्या गळ्यात पडला, कारण बाटल्या धुवायला त्या खोलीत जायची ती एकटीच. ब्राँझच्या पट्ट्यांवर तिनं प्रयोग मांडले. पहिली पोपटी झाली, सातवी काळीठिक्कर. प्रत्येक पट्टी ती मामंजींना दाखवायची.

"हाच का?"

"हो."

पुढचीलाही "हो". खोकून खोकून जीव मेटाकुटीला आला, बोटांची सालं निघाली. एकोणिसाव्या पट्टीला तिचा तोल सुटला. "मामंजी, मुद्दाम छळताय का मला?"

"हो," ते म्हणाले आणि ढसाढसा रडू लागले.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सुचलं, डावा हात तर चालतोय. "हा नसेल तर फेकून द्या." त्यांनी एकोणीसच्या एकोणीस पट्ट्या फेकल्या. म्हणजे खरा रंग त्यांच्या लक्षात होता! तिच्या जिवात जीव आला. खात्रीसाठी तिनं गिऱ्हाइकाचा जुना बगळा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पंखावरून हळूच बोट फिरवलं आणि तोही ढकलून दिला. चोच वाकली.

"त्यांनाही आठवत नाही गं आता," दारातून नवरा म्हणाला. ती तिथंच फरशीवर बसली.

चोच सरळ झाली, पण तिथला हिरवा उडाला. गिऱ्हाईक काम रद्द करून बगळा घेऊन गेलं. दोन्ही कारागिरांनी दुसरीकडे काम धरलं, घरची भट्टी थंड पडली. नवरा आता नळांच्या कारखान्यात ओतकाम करतो. संध्याकाळी तो घरी आला की मामंजी त्याच्या काळवंडलेल्या हातांकडे बघत राहतात.

"पेटली होती भट्टी, बाबा," तो सांगतो आणि हात धुवायला आत जातो.